म्हाताऱ्या मांजरीचे ऑपरेशन: करावे की करू नये?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्साबलीनंतर एक आजी देवळाच्या पायरीवर थांबून राहिल्या. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाल्या, "फादर, हसू नका हं. मांजरीचं विचारायचं आहे."

त्यांची मांजरी अकरा वर्षांची. पोटाखाली, सडाजवळ, सुपारीएवढी गाठ आलेली. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी बेळगावला नेऊन ऑपरेशन करण्याचा सल्ला दिला होता. मुलगा म्हणे, म्हाताऱ्या मांजरावर कोण पैसे घालतो? नात रडत होती. आजींचा प्रश्न मात्र वेगळाच होता: "नाही केलं, तर पाप लागेल का?"

ह्यात हसण्यासारखे काय आहे? आपण भातशेती करणारी माणसे. कणगीला उंदीर-घूस लागली की वर्षाची मेहनत मातीत जाते. अकरा वर्षे ज्या मुक्या जिवाने आपले धान्य राखले, त्याचे दुखणे हा घराचाच प्रश्न होय. म्हणून आजींना जे सांगितले, तेच येथे सर्वांसाठी थोडे विस्ताराने लिहितो.

वय हा रोग नव्हे

दहा वर्षांचे मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबी साधारण छप्पन्न वर्षांचे, आणि पंधरा वर्षांचे म्हणजे पंचाहत्तरीच्या घरातले. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे ऑपरेशन आपण वयाकडे पाहून टाळतो काय? नाही. मग मांजराचेही केवळ वयावरून ठरवू नये. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ ह्या काळात भूल दिलेल्या हजारो मांजरांची नोंद ठेवण्यात आली. निरोगी मांजरांपैकी हजारात एखादेच दगावले. आधीच आजारी असलेल्यांपैकी मात्र हजारात चौदा. बारा वर्षांपुढे धोका सुमारे दुप्पट होतो हे खरे, परंतु वयापेक्षा आजारपणाचा भार कितीतरी मोठा असतो. म्हणून आधी विचारावे ते हे: ह्या गाठीखेरीज मांजराच्या शरीरात आणखी काय बिघडले आहे?

आधी तपासणी, मग निर्णय

म्हाताऱ्या मांजरांचे मूत्रपिंड फार वेळा थकलेले असते. मांजर जास्त पाणी पिऊ लागते, जास्त लघवी करते, हळूहळू वाळते. भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो आणि अशा मूत्रपिंडाला आणखी धक्का बसतो. त्यासाठी रक्ततपासणी करावी आणि लघवीही तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातील दोष पुष्कळदा दिसतच नाही. लघवीत तो आधी कळतो. डॉक्टर हृदयही ऐकतील. मूत्रपिंड थोडे कमजोर निघाले म्हणून ऑपरेशन बंदच, असे नाही. सलाईन लावून, बेताची भूल देऊन ते करता येते. पण हे आधी कळलेले असावे.

कोणते ऑपरेशन, हेही पाहावे. गर्भाशयात पू झाला असेल, तर थांबायला वेळ नसतो. म्हातारपणीही ऑपरेशन हाच खरा उपाय. किडलेल्या दातांमुळे खाणे सुटले असेल, तर दात काढल्यावर पुष्कळ मांजरे पुन्हा खाऊ लागतात. सडाजवळची गाठ मात्र गंभीर समजावी. मांजरांत अशा दहा गाठींपैकी आठ-नऊ कर्करोगाच्या असतात. येथे आकाराला महत्त्व आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना, म्हणजे वाटाणा-हरभऱ्याएवढी असताना काढली, तर मांजर पुष्कळदा दोन-तीन वर्षे काढते. ती तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, तर ऑपरेशन करूनही बहुधा सहाएक महिनेच मिळतात. केवळ गाठ काढून भागत नाही. त्या बाजूच्या चारही सडांची पूर्ण रांग काढावी लागते. आणि हा रोग फुप्फुसात लवकर जातो. म्हणून छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय पोटाला सुरी लावू देऊ नये.

डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न

तपासणी झाल्यावर डॉक्टरांना पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात.

१. ऑपरेशन केले तर किती दिवस मिळतील, आणि ते दिवस कसे जातील?

२. नाही केले तर पुढे काय होईल, आणि वेदना कशाने कमी ठेवता येतील?

३. तपासणी, ऑपरेशन, औषधे आणि फेऱ्या मिळून एकूण खर्च किती?

तिसरा प्रश्न विचारण्यात लाज कसली? आकडा आधी कळला, तर निर्णय शांतपणे होतो.

पाप-पुण्याचा प्रश्न

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात ह्याचे उत्तर आहे (कलमे २४१५ ते २४१८). जनावरे देवाची निर्मिती आहेत आणि त्यांच्याशी आपण दयेने वागले पाहिजे. त्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी हेही सांगितले आहे की, गरजू माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्चायला हवा, तो जनावरांवर उधळणे योग्य नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात. कर्ज काढून, मुलीची फी थकवून ऑपरेशन करणे हे कर्तव्य नव्हे. परंतु हातात पैसा असून "मांजरच तर आहे" म्हणून तिला कण्हत ठेवणे हेही बरे नव्हे.

आणखी एक शंका पुष्कळांच्या मनात असते. माणसाचे जीवन आपण हाताने संपवू शकत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण पक्की आहे. ती जनावराला लागू नाही. बरे न होणाऱ्या वेदनेत असलेल्या मांजराला पशुवैद्याने इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवणे हे पाप नव्हे. मात्र विष घालणे, गोणीत घालून नदीवर सोडणे, उपाशी मरायला रानात टाकणे हे क्रौर्य आहे. जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरते.

ती वेळ आली हे कसे ओळखावे? मांजर दुखणे लपवते. ते ओरडत नाही. कोपऱ्यात बसते, अंग चाटणे सोडते, उंचावर चढत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी: खाल्ले-प्याले, जवळ आले, तर गोल, नाही तर फुली. फुल्या गोलांपेक्षा वाढू लागल्या की डॉक्टरांकडे जावे.

ऑपरेशन केलेच तर

मांजराला गोणीतून नेऊ नये; झाकणाची टोपली व आत जुने लुगडे बरे. खाणे किती तास आधी बंद करायचे ते डॉक्टर सांगतील तेवढेच. भुलीतून उठतानाचे पहिले तीन तास सर्वांत धोक्याचे. तोवर दवाखान्यातच थांबावे; अंग गार पडू देऊ नये. घरी आल्यावर जमिनीलगत, कोरड्या जागी ठेवावे. दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. उपाशी मांजराचे यकृत बिघडते.

माणसाची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. जखमेला किंवा बिछान्याला फिनेलही लावू नये. ते चाटण्यातून पोटात जाते.

आजींच्या मांजरीचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. मुलगाच तिला एस.टी.ने बेळगावला घेऊन गेला. रक्त बरे निघाले, पण एक्स-रेमध्ये फुप्फुसात डाग दिसले. डॉक्टरांनी स्वतःच ऑपरेशन नको म्हटले आणि वेदनेचे औषध दिले. सात आठवडे ती चुलीजवळ उबेला राहिली, मासळीचे डोके खाल्ले. मग फुल्या वाढल्या, आणि डॉक्टरांनी तिला झोपवले. आजींच्या मनात टोचणी राहिली नाही, कारण जे करायचे ते जाणून केले होते.

आता घरात नवे पिल्लू आहे. नातीने विचारले, "फादर, हिलाही गाठ होईल?" तिला सांगितले तेच तुम्हांलाही सांगतो. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली, तर ह्या कर्करोगाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी होतो. दोन वर्षांनंतर केल्यास त्या बाबतीत फारसा उपयोग होत नाही. गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नही मिटतो. येत्या १७ जानेवारीला, मठाधिपती संत अंतोनींच्या सणाला, जनावरांना आशीर्वाद देण्यासाठी आणाल तेव्हा पिल्लांनाही आणा. पण त्याआधी त्यांना दवाखाना दाखवून आणा.