जुनी स्कूटर घेताय? इंजिनाआधी आरसी बघा

कॉलेजसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी अनेकजण सेकंड हँड स्कूटर घेतात. चकाचक पॉलिश, कमी किलोमीटर आणि "एकच नंबर गाडी आहे" एवढं ऐकून पैसे दिले जातात. पण इंजिनातलं काही कळत नसेल, तर गाडी पारखायची कशी?

सोपा नियम लक्षात ठेवा. इंजिन दुरुस्त होतं, पण कागदपत्रांचा घोळ सहजासहजी सुटत नाही. म्हणून आधी कागद बघा.

कागदपत्रांत काय बघायचं?

मूळ आरसी मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळवून घ्या. एमपरिवाहन अ‍ॅपवर विमा आणि पीयूसीची मुदत तपासा. ई-चलनाचा दंड बाकी असेल तर तो विकणाऱ्याला आधी भरायला सांगा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते.

नोंदणीची तारीखही बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी 'स्वस्त' वाटली, तरी हा खर्च तुमच्याच माथी येणार.

गाडीत काय बघायचं?

सकाळी जा आणि "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन लगेच सुरू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनाची असते. गाडी सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑईल जाळतंय आणि मोठं काम निघू शकतं. मेन स्टँडवर लावून हँडल दोन्हीकडे फिरवा. मध्येच अडकलं तर कोनसेट गेलेला असू शकतो. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर गाडी आपटलेली असण्याची शक्यता असते. मीटर कमी दाखवतोय, पण हँडलच्या ग्रिप गुळगुळीत झाल्यात? मग त्या आकड्यावर विसंबू नका.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. त्याला दिलेले दोन-तीनशे रुपये वाया जात नाहीत.

पैसे दिल्यावर काय?

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव बदलून घ्या. त्याच राज्यातल्या गाडीसाठी खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत असते. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा.

हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, मग गाडी त्याने आधीच विकलेली का असेना.

म्हणूनच "नाव नंतर करू" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.