पापणीतले थिजलेले तेल

लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अश्रूंच्या थरापाशी थांबलो होतो. बुबुळावरचा तो थर म्हणजे नुसते पाणी नव्हे. पाण्यावर तेलाचा एक अतिपातळ पापुद्रा असतो आणि तो असतो म्हणूनच दोन उघडझापींच्या मधल्या काही सेकंदांत खालचे पाणी उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या आत रांगेने उभ्या असलेल्या ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्यांची तोंडे केसांच्या रांगेच्या किंचित मागे, पापणीच्या काठावर उघडतात. ग्रंथी निरोगी असेल तर तिथून येणारे तेल आपल्या फोडणीच्या तेलासारखे स्वच्छ आणि पातळ असते. ती चोंदली की तेच तेल दाटत जाते, आणि दुखणे फार वाढले तर काठ दाबल्यावर टूथपेस्टसारखी पांढरट वळी बाहेर येते. ज्ञान साडेतीनशे वर्षांचे, पण या चोंदण्याला स्वतंत्र बिघाड म्हणून नाव मिळाले ते १९८० मध्ये. तोवर कोरडा डोळा म्हणजे पाणी कमी, अशीच सर्वसाधारण समजूत होती आणि आजही औषधाच्या दुकानात डोळे कोरडे झाल्याची तक्रार केली की पुढे सरकवली जाते ती थेंबांचीच बाटली.

ही समजूत किती अपुरी आहे, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. कोरडेपणाच्या ज्या १५९ रुग्णांची कारणानुसार वर्गवारी करता आली, त्यांपैकी निव्वळ पाणी कमी असलेले फक्त २३ निघाले. उरलेल्या १३६ जणांच्या, म्हणजे सुमारे ८६ टक्क्यांच्या, तेलग्रंथी बिघडलेल्या होत्या. काहींच्या फक्त त्याच, काहींच्या पाण्याच्या कमतरतेसोबत. हे रुग्ण अमेरिका आणि युरोपातल्या दवाखान्यांतले होते, त्यामुळे हीच टक्केवारी जशीच्या तशी आपल्याकडे लावू नये. पण झाकण नसलेल्या भांड्यात वरून पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी झाकणाचे बघावे, एवढे तरी त्यातून नक्की निघते. डोळ्यांना ऊब देण्याचा पट्टा, म्हणजे ज्याला बाजारात वॉर्म आय मास्क म्हणतात, तो या झाकणासाठी आहे.

थंडीत खोबरेलाची बाटली थिजली की आपण काय करतो, ते आठवून पाहा. बाटली गरम पाण्यात ठेवली की आधी काचेला लागून असलेले तेल सुटते. मधला पांढरा गोळा तसाच राहतो. तेवढ्यात बाटली उपडी केली तर चमचाभर तेल हाती लागते आणि गोळा तोंडाशी येऊन अडकतो. पापणीतही हेच घडते, फक्त अंशांचा हिशेब वेगळा. निरोगी ग्रंथीतले तेल साधारण ३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि पापणीचे तापमान त्याहून जरासे वर असते, म्हणून ते आपोआप वाहते. चोंदलेल्या ग्रंथीतल्या तेलाला मात्र ३५ अंश किंवा त्याहूनही जास्त लागतात. दोन-तीन अंशांचाच फरक, पण पापणी स्वतःहून तो भरून काढू शकत नाही. म्हणून ग्रंथीपाशी ४० अंशांच्या आसपास ऊब पोचावी आणि ती सुमारे दहा मिनिटे टिकावी, असे सांगितले जाते. ही ऊब बाहेरच्या त्वचेतून, स्नायूतून आणि पापणीच्या चिवट पडद्यातून आत शिरायची असते. शिवाय पापणीतले रक्त तिला सारखे वाहून नेत असते. म्हणजे डोळ्यांचा शेक हा औषधाच्या मात्रेसारखा मोजायचा: किती अंश आणि किती मिनिटे. ‘शेकून छान वाटले’ हे त्याचे माप नव्हे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गरम पाण्यात नॅपकिन बुडवून पिळला की झाले, त्याला विकतचा पट्टा कशाला? तर माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने नॅपकिनही निवतो. ओल्या कापडावरून पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. दोन-तीन मिनिटांत कापड कोमट होते आणि मग ते पापणी तापवण्याऐवजी गार करू लागते. ज्या बाष्पीभवनाने डोळा कोरडा होतो, त्यावरचा उपायही तेच मोडून काढते! प्रयोगात जेव्हा ओल्या कापडाने पापणीच्या आतल्या बाजूपर्यंत पुरेशी ऊब पोचवली गेली, तेव्हा ४५ अंशांचे कापड दर दोन मिनिटांनी बदलावे लागले होते. हे ज्याला रोज जमेल त्याने नॅपकिनच वापरावा, त्यात काही उणे नाही. पण शेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवून, डोळे मिटलेले असताना पाच वेळा कापड बदलणे दोन दिवसांपलीकडे कुणाच्याने होत नाही, आणि हा उपाय तर आठवडेच्या आठवडे करायचा असतो. पट्ट्याचे श्रेय एवढेच की त्यातली ऊब टिकते. काही पट्ट्यांत मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे मणी किंवा जवस असते. काही विजेवर चालतात. एकदा वापरून टाकायच्या पट्ट्यांत लोखंडाची भुकटी असते, पाकीट फोडले की ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजू लागते आणि गंजताना तापते. तव्यावर रुमाल किंवा ओव्याची पुरचुंडी शेकून छातीला लावण्याची आपली रीत डोळ्यांना मात्र वापरू नये, कारण तव्याची जी धग हाताला सोसते ती पापणीच्या पातळ कातडीला सोसत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाचा आहे: डोळ्यांना थंडावा हवा, उष्णता नव्हे. गुलाबपाणी, काकडीच्या चकत्या, पाण्याचे हबके, हे सारे त्याच समजुतीतून आलेले. ॲलर्जीने डोळे खाजत आणि सुजत असतील तेव्हा थंडाव्याने आराम पडतो, यात वाद नाही; पण ते दुखणे वेगळे. आणि आपल्या घरांना डोळ्यांचा शेक अगदीच परका आहे असेही नाही. रांजणवाडी आली की तळहातावर बोट घासून ते गरम असतानाच पापणीवर टेकवायला आजी सांगतेच. रांजणवाडी पापणीच्या ग्रंथींचीच असते, तेव्हा आजीचा रोख बरोबर होता. बोटाची ऊब क्षणभरच टिकते, एवढीच अडचण.

तिसरा आक्षेप पुराव्याचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, २५ जणांना दोन आठवडे रोज दोनदा पाच-पाच मिनिटे पट्टा बांधायला दिला. युक्ती अशी की एका डोळ्यावरचा पट्टा तापवलेला आणि दुसऱ्यावरचा तसाच. माणूस तोच, हवा तीच, झोप तीच. फरक फक्त उबेचा. उबेच्या डोळ्याची तक्रार कमी झाली आणि तेलाचा थरही सुधारला. पण कोणता डोळा गरम आहे हे तपासणाऱ्यापासून लपवता येते, ज्याचा डोळा आहे त्याच्यापासून कसे लपवणार? म्हणून ‘बरे वाटले’ या उत्तराला मी कमी आणि थराच्या मोजणीला जास्त किंमत देतो. या विषयावरच्या चाचण्या बहुधा अशाच, थोड्या माणसांच्या आणि थोड्या दिवसांच्या असतात. तरीही कोरड्या डोळ्यांविषयी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जो मोठा अहवाल तयार केला, त्यात उबेचा शेक आणि पापण्यांची स्वच्छता यांना उपचाराच्या पहिल्याच पायरीवर जागा मिळाली. कार्यकारण स्पष्ट, खर्च थोडा आणि धोका कमी असला की मध्यम प्रतीचा पुरावाही पहिल्या पायरीला पुरतो. शस्त्रक्रियेला तो पुरला नसता.

‘तेल पुन्हा थिजणारच, मग उपयोग काय?’ असेही विचारले जाते. थिजणार, हे खरे. म्हणूनच ते पातळ असतानाच बाहेर काढायचे. पट्टा काढल्यावर लगेच, मिटलेल्या डोळ्याच्या वरच्या पापणीवरून बोट हलकेच खाली, केसांच्या दिशेने आणायचे. खालच्या पापणीवरून वर. बोटाचा भार पापणीच्या काठावर, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. डोळे चोळणे तर साफ वर्ज्य, कारण उबेने बुबुळही थोडे मऊ पडलेले असते. पट्टा घट्ट बांधल्यानेही त्यावर दाब येतो आणि थोडा वेळ नजर धूसर होते, म्हणून तो नुसता टेकवावा. मग दहा-बारा वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. पापणी पूर्ण मिटली की ग्रंथी पिळली जाते. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा लववतो आणि त्याही अर्ध्याच, तेव्हा दिवसभर तेल आत साचून राहिले तर नवल नाही.

मायक्रोवेव्हमधून काढलेला पट्टा एकीकडे कोमट आणि दुसरीकडे चटका देणारा असू शकतो. तो हलवून, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावा. तिथे सहन होत नसेल तर पापणीला नक्कीच होणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात. डोळा लाल होऊन घाण येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, चेहऱ्याची संवेदना कमी असेल किंवा बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा विकार असेल, तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय शेक घेऊ नये. तोंडालाही कोरड पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर दुखणे तेलाचे नसून अश्रुग्रंथीचे असू शकते. तिथे पट्ट्यावर महिना घालवण्यात अर्थ नाही. त्या २३ जणांना थेंबच लागतात. ते थेंब निवडताना बाटलीवर बारीक अक्षरांत काय वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.