वीतभर पाण्यातली पाखरं

डिसेंबरातली सकाळ. विष्णुपुरीच्या धरणामागे, शंकरसागराच्या कडेला मी दुर्बीण डोळ्याला लावून बसलो होतो. थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळं काढून एक भोई काठाला लागला. जाळं झटकता झटकता म्हणाला, "मामा, काय बघायलाव?"

"बदकं."

"ती व्हय? सायबेरियाची हायेत ती. अंडी घालायला येयलेत हितं. पर खरी पाखरं समदी मुंबईच्या खाडीवर. हितं चुकून येतेत."

त्याला हसण्यात अर्थ नाही. दर नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत 'सायबेरियन पाहुण्यांचे आगमन' हाच मथळा असतो आणि खाली फोटो ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा. नांदेड-लातूरच्या माणसानं यातून दुसरा काय निष्कर्ष काढायचा? पण भोईबुवांच्या बोलण्यातली एकही गोष्ट पुरती खरी नाही, आणि त्यातली खाडीची तर अजिबातच नाही.

खाऱ्या पाण्याचे आणि खाजणाचे म्हणून काही पक्षी जरूर आहेत. पण हिवाळ्यात येणारी बहुतेक बदकं गोड्या, उथळ पाण्याची. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग, लालसरी यांना समुद्राचं काही अडत नाही. उत्तरेकडून येणारा त्यांचा मार्ग, ज्याला अभ्यासक मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, तो काही किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा रस्ता नव्हे. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत तीसेक देशांवर पसरलेला तो रुंद पट्टा आहे आणि अख्खं दख्खनचं पठार त्यात येतं. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं आणि अवघ्या दहा वर्षांत, 1986 साली, त्याला पक्षी अभयारण्य जाहीर करावं लागलं. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरी तपकिरी डोक्याचे कुरव, ज्यांना आपण समुद्रपक्षी समजतो, धरणाच्या नाथसागर जलाशयावर हिवाळा काढतात. त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची तर 1931-32 साली सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि नांदेड-लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते. म्हणजे हा प्रदेश पक्षीशास्त्राच्या नकाशावर आला त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. आपल्याच लक्षात ते राहिलेलं नाही.

आता सगळ्यांत पक्का गैरसमज. धरण जितकं भरलेलं तितके पक्षी जास्त, असं धरून लोक शंभर टक्के भरल्याची बातमी वाचून दुर्बिणी घेऊन निघतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. काठोकाठ भरलेल्या मांजरा धरणावर दुपारपर्यंत बसून मोजले ते पाणकावळे आणि चार टिबुकल्या.

कारण साधं आहे. पाण्यातल्या पक्ष्याला पाणी हवं असतं ते त्याच्या पायांच्या आणि मानेच्या मापाचं. तुतवार, चिलखे यांना लागतं बोटभर. शेकाट्याचे लालगुलाबी पाय लांबलचक, म्हणून तो वीतभरात उतरतो. चक्रांग, तलवार बदकं बुडी मारत नाहीत. शेपटी वर, डोकं खाली असं उलटं होऊन मान पोचेल तिथवरचा तळ ती चाचपतात. खोल पाण्यात बुडी मारून खाणारे म्हणजे लालसरी किंवा वारकरी. (कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या काळ्या पक्ष्याला वारकरी हे नाव देणाऱ्याला माझा नमस्कार.) धरण भरलेलं असलं की पाणी थेट मुरमाड टेकाडाला आणि बाभळींना जाऊन भिडतं. उथळ कड अशी उरतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कालव्यांना पाणी सुटतं, पातळी उतरते, आणि रोज हात-दोन हात ओला गाळ उघडा पडत जातो. त्या गाळात किडे, अळ्या, शंखशिंपले, पाणवनस्पतींचं बी, सगळं असतं. ती सरकती ओली रेघ हीच पक्ष्यांची खरी पंगत.

या रेघेवर एकदा सकाळी आठ-दहा थापट्यांना बघा. चोच पुढे फावड्यासारखी रुंद. एकामागे एक लागून पाण्यात गोल गोल फिरतात, एकाच्या ढुंगणाशी दुसऱ्याची चोच. फिरण्यानं पाणी ढवळतं, तळातलं वर येतं आणि चोचीच्या कडेला असलेल्या दातेरी कंगव्यातून ते गाळून घेतलं जातं. आपल्याकडे चहा गाळतात तसंच, फक्त इथे चोथा पोटात जातो आणि पाणी बाहेर. खोल पाण्यात तळातलं असं वर येत नाही.

याच उघड्या जमिनीवर आपल्याकडे गाळपेर होते. पाणी सरकेल तसा हरभरा, टरबूज, खरबूज मागे मागे येत जातं. म्हणजे एकाच रेघेवर माणूस आणि पाखरू दोघांचा डोळा. तिकडे धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं वेळापत्रक तर गमतीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि मग खाली सोडायचे. 1 मार्चला पुन्हा 0.6 टीएमसी पाणी खाली तेलंगणाकडे जातं. निकाल दिला तो दोन राज्यांच्या भांडणात, बदकांचा त्यात उल्लेख नाही. पण बदकांच्या येण्याजाण्याच्या तारखा साधारण याच.

दुष्काळाचं वर्ष मात्र वेगळं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा मांजरा कोरडं ठाक होतं. तळ भेगाळला की गाळाचाही उपयोग नाही. अशा वेळी 'यंदा पक्षी आलेच नाहीत' असं म्हटलं जातं. ते येतात, पण जिथे ओल असेल तिथे उतरतात. बदकाला पत्ता पाठ नसतो, त्याला पाणी दिसतं. म्हणून एकाच तळ्यावरची एका वर्षाची संख्या बघून पक्षी घटले किंवा वाढले हे सांगता येत नाही. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत अनेक देशांत एकाच सुमारास होते ती यासाठीच.

थंडीमुळे पक्षी येतात हेही अर्धंच खरं. अंगावर पिसांचं दुलईसारखं आवरण असलेल्या बदकाला गारठ्याचं फारसं भय नसतं, त्याला भय तळं गोठण्याचं. बर्फाखाली अन्न गेलं की निघावं लागतं. आणि निघण्याची घंटा थर्मामीटर देत नाही, दिवस लहान होऊ लागला की ती शरीराच्या आतूनच वाजते. त्यामुळे आपण पोळ्याच्या तयारीत असतो तेव्हाच हिरवी तुतवार कुठल्यातरी डबक्याशी शेपटी हलवत हजर असते. धोबी सप्टेंबरात येतात. बदकं दिवाळीच्या आगेमागे, पट्टकदंब आणि करकोचे त्यानंतर. 'हिवाळी पक्षी' हा शब्द सोयीचा आहे इतकंच.

राहिला सायबेरिया. खरा सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचा दिसला तो 2002 साली, राजस्थानात भरतपूरला. आपल्याकडे हरभऱ्याच्या रानात उतरणारे राखाडी, काळ्या गळ्याचे, डोळ्यामागे पांढरा तुरा असलेले थवे कांड्या करकोच्याचे. ते येतात मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून, म्हणजे आपल्यासारख्याच माळरानातून. पट्टकदंबाचं घर तिबेट, मंगोलिया आणि आपलं लडाख. त्सो मोरिरीच्या काठी तो अंडी घालतो. चक्रवाकही लडाखात वीण करतो. तेव्हा 'विदेशी पाहुणे' म्हणून ज्यांचं कौतुक होतं त्यातले काही कदाचित याच देशात जन्मलेले असतात.

पट्टकदंब एव्हरेस्टवरून उडतो ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली. या पक्ष्यांच्या अंगावर यंत्रं बसवून अभ्यास झाला तेव्हा सर्वांत जास्त उंची भरली 7290 मीटर, आणि बहुतेक वेळ ते 5500 मीटरच्या खालीच होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक बाब दिसली. हे पक्षी एकदा उंची गाठून सरळ जात नाहीत, डोंगर-दरीच्या चढउताराबरोबर वरखाली होत जातात. विरळ हवेत पंख मारण्याचा खर्च इतका वाढतो की खाली येऊन पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. आपला घाटातला एसटी ड्रायव्हर उतारावर डिझेल वाचवतो त्याच जातीचा हा हिशेब. एव्हरेस्टपेक्षा मला तो जास्त आवडतो.

अंड्यांचं उत्तर एका ओळीचं: जिथे वीण होते ते त्या पक्ष्याचं घर, आणि हे पक्षी इथे वीण करत नाहीत. गोंधळ होतो तो चित्रबलाकांमुळे. पावसाळ्यानंतर ते बाभळींवर वसाहतीनं घरटी करतात आणि हिवाळ्यात पिल्लांचा कलकलाट चालू असतो. पण ते इथलेच, बारमाही.

चक्रवाकाचा गैरसमज मात्र इतका देखणा आहे की खोडताना वाईट वाटतं. रात्री नर-मादीची ताटातूट होते आणि नदीच्या दोन काठांवरून ती एकमेकांना हाका मारतात, असा संस्कृत कवींचा संकेत. नदीकाठी रात्र काढली तर हाका ऐकू येतात, अगदी 'आंग, आंग' अशा, घसा भरून आल्यासारख्या. पण विरह वगैरे काही नाही. चक्रवाक बऱ्याच अंशी रात्री चरतो. अंधारात चरताना जोडीनं एकमेकांचा ठाव ठेवायचा तर हाक मारावीच लागणार. कवींचे कान पक्के होते, अनुमान चुकलं.

भोरड्यांबद्दल शेतकऱ्याचं मत मी बदलू बघत नाही. चिकात आलेल्या ज्वारीवर हजार-दोन हजारांचा थवा उतरला की गोफण, डबे, फटाके सगळं कमी पडतं, आणि ज्याचं कणीस गेलं त्याला निसर्गप्रेम शिकवू नये. फक्त हिशेबाची दुसरी बाजू अशी, की हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ सपाटून खातो. मध्य आशियात त्याची वीणच टोळांच्या हंगामावर बेतलेली असते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळ आवरायला म्हणून त्याच्यासाठी दगडांचे ढीग आणि घरटी मुद्दाम रचून देतात. आपल्याकडे फाल्गुनात ज्वारी निघाली की तो पळसाच्या आणि सावरीच्या फुलांतला मध प्यायला जातो. पळसमैना हे त्याचं दुसरं नाव त्यावरूनच.

बर्ड फ्लूचं नाव निघालं की तळ्यावरचे पक्षी हाकला अशी मागणी येते. जंगली पाणपक्षी हा विषाणू वाहू शकतात, हे खरं. पण 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात मेल्या त्या पाळीव कोंबड्या, आणि 2025 च्या जानेवारीत उदगिरात मेले ते कावळे. कावळा कुठून स्थलांतर करून आलेला नाही. रोग कोंबड्यांच्या ने-आणीतून, गाड्यांतून, पिंजऱ्यांतूनही फिरतो. हाकललेला आजारी पक्षी चार नव्या तळ्यांवर जाऊन बसतो. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं, एवढं आपलं काम.

'अभयारण्य नाही, मग धरायला काय हरकत?' हेही ऐकू येतं. 1972 चा वन्यजीव कायदा पक्ष्याच्या अंगाबरोबर चालतो, अभयारण्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. गावतळ्यातलं बदक जाळ्यात धरणं हाही गुन्हाच.

कायद्यात एक भोक मात्र आहे आणि ते नेमकं आपल्यावर येतं. 1971 च्या रामसर करारानुसार पाणथळ जागा नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, दोन्ही चालतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामुळे तयार झालं, तरी 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ तेच ठरलं. पण आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. मराठवाड्यात पाणी म्हणजे बहुतेक तेच. विष्णुपुरी, मनार, मांजरा, तावरजा, सगळे बांधलेले. कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळातला, पण बांधलेलाच. कागदावर ते साठे, पाणथळ नव्हेत. त्यामुळे तिथे भराव टाकला, बेशरम माजली, जलपर्णीनं अख्खी कड झाकून टाकली तरी पक्ष्यांच्या नावानं कुणी दार ठोठावू शकेल असा सरळ रस्ता उरत नाही. जलपर्णीच्या हिरव्या गालिच्याला 'निसर्ग' समजून फोटो काढणारेही भेटतात. तिच्यावरून जांभळ्या पाणकोंबड्या चालतात खऱ्या, बदकांना मात्र उतरायला पाणीच दिसत नाही.

त्या दिवशी हे सगळं मी भोईबुवांना सांगत बसलो नाही. अंडी इथे घालत नाहीत एवढं बोललो. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या टेकाडाकडे बोट केलं. "आता नाही काही दिसायचं मामा. संक्रांत होऊ द्या. त्या टेकाडाच्या पायथ्याचं पाणी हटलं की मंग या."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. पायथा उघडा पडला होता. शेकाटे, तुतवारी, थापट्यांची दोन चक्रं, आणि जरा दूर, पाठ फिरवून उभी असलेली चक्रवाकाची जोडी. मी दुर्बीण लावून हळूहळू पुढे सरकत होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ मामा, खाली बघा खाली! टरबुजाच्या येलावर पाय देयलाव!"