बोलता येत नाही, पण समजते

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या गावी आपल्याला पडवीत निजवून ठेवलेले मूल दिसते. हातपाय ताठ, तोंडातून लाळ, शब्द एकही नाही. घरचे सांगतात, "त्याला काही समजत नाही, गुरुजी." आपणही तसेच लिहून पुढे जातो. चूक इथेच होते.

अशा मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असू शकतो. त्यात हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागांना इजा झालेली असते. बोलणे हीदेखील हालचालच आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचा मेळ बसला तरच शब्द उमटतो. काही मुलांची समजही कमी असते. पण ते पारखून पाहायचे, गृहीत धरायचे नाही.

ही इजा पुष्कळदा जन्मापूर्वीच होते. काही वेळा जन्मताना बाळ गुदमरते आणि मेंदूला प्राणवायू कमी पडतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे हाही त्याचा भाग होता. ग्रहण पाळले नाही म्हणून आईला बोल लावण्यात मात्र काहीच तथ्य नाही.

घरी काय करता येईल? मुलाला निजवून भरवू नये. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाठीला आधार देऊन बसवावे, मान किंचित पुढे असावी. गावातला बांबूचा कारागीर मापाची खुर्ची करून देईल. मुलाला हमखास जमणारी एक हालचाल, समजा वर पाहणे, 'हो' म्हणून ठरवावी. मग पुठ्ठ्यावर पाणी, भात, आई, 'दुखते' अशी चित्रे काढून एकेकावर बोट ठेवत विचारावे. घरी गोंडी किंवा माडिया बोलत असतील तरी चित्रांना अडचण नाही. उत्तराला वेळ लागतो. घाई करू नये.

मुंबईच्या मालिनी चिब यांना हीच अवस्था आहे. त्यांच्या आई मिठू आलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था आणि शाळा काढली. पुढे मालिनीताईंनी एका करंगळीने टंकलेखन करत आत्मचरित्र लिहिले.

पुढच्या सर्वेक्षणात शेरा लिहिण्यापूर्वी आपण त्या मुलालाच एक प्रश्न विचारू, आणि उत्तरासाठी थांबू.