जेद्दाचे रोशन आणि सुताराची विद्या

जेद्दाच्या बलदमध्ये खरेदीला आपण सगळेच जातो, पण मान वर करून 'रोशन' किती जण पाहतात? रोशन म्हणजे भिंतीबाहेर आलेली लाकडी जाळीची खिडकी. वारा आत येतो, आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून घर दिसत नाही. लाकूड बरेचसे साग, हिंदुस्थान आणि जावाहून जहाजाने आलेले. दारात कडुनिंब असलेले नसीफ हाऊस (1872-81) हा त्याचा देखणा नमुना.

ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. विलायतेत मात्र ती छापली गेली. 1754 साली लंडनच्या थॉमस चिपेंडेलने फर्निचरच्या नमुन्यांचे पुस्तक काढले. चित्रे 160, वर्गणीदार सुमारे 300. त्यांत उमराव होते तसे सुतारही. विलायती घाट पुढे मुंबईलाही पोचले. एकोणिसाव्या शतकात आपले कारागीर शिसवी खुर्च्या-टेबलांवर देशी वेलबुट्टी कोरत.

पण अशा पुस्तकात घाट आणि मापे मिळतात, सांधा फारसा मिळत नाही. लाकूड हवेप्रमाणे फुगते, आकसते. त्याला जागा किती सोडायची, हे उस्तादाशेजारी बसूनच कळते. जेद्दात काँक्रीटची घरे आली आणि ते काम आटले. 2014 साली युनेस्कोने जुने जेद्दा जागतिक वारशात घेतले. आता दुरुस्ती करायची तर जुना रोशनच पुस्तकासारखा वाचावा लागतो.

तेव्हा मंडळी, सुट्टीत गावी गेलात की आजोबांचे कपाट भंगारात देण्याआधी त्याचे सांधे बघा, मापे लिहून ठेवा. आणि गावात म्हातारा सुतार असेल तर मुलांना तासभर त्याच्याजवळ बसवा.