मोठा कोण? काळाच्या पट्टीवर मोजा

‘घड्याळ सांगेल तोच मोठा’ हा युक्तिवाद अपुरा आहे; नुसता विजयांचा आकडाही फसवा. नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींत रिचर्ड पेटींचे विजय २००, जिमी जॉन्सनचे ८३. पण पेटींच्या ऐन भरात वर्षाला चाळीसहून अधिक शर्यती होत, जॉन्सनच्या काळी ३६. विजेतेपदं मात्र दोघांची सात-सात. आपल्या बीडचंच पाहा. स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा १९८१चा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८मध्ये तो जेमतेम सेकंदाने मोडला आणि २०२४मध्ये पॅरिसला वेळ ८:०९.९१वर आणली. सोयी वाढल्या, हा आक्षेप खरा. पण त्या साबळेच्या समकालीनांनाही मिळाल्या. म्हणून समकालीनांना किती मागे टाकलं, हेच खरं माप. आपल्या तेलगावच्या धावपटूंनीही तेच लावावं.