तिरप्या उन्हातले वरंबे (लेखमाला : आयर्लंडचा पश्चिम किनारा, लेखांक 4)

मागच्या आठवड्यात आपण बरेनच्या चुनखडीच्या माळावर होतो. आज तिथून उत्तरेला, मेयो परगण्यातल्या अ‍ॅकिल बेटावर जाऊ. बेट असलं तरी होडी लागत नाही. 1887 पासून पूल आहे.

ऑगस्टचा मध्य. घड्याळात रात्रीचे आठ वाजलेत आणि डोंगरावर चांगलं ऊन आहे. इथे सूर्य मावळतो नऊ वाजून गेल्यावर. बेट 54 अंश अक्षांशाजवळ असल्याने या दिवसांत दिवसच पावणेपंधरा तासांचा. दुसरं कारण कारकुनी आहे. अ‍ॅकिल ग्रीनिचच्या दहा अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने चाळीस मिनिटं मागे. पण घड्याळ लंडनचंच, आणि उन्हाळ्यात तेही तासभर पुढे केलेलं. 1916 पर्यंत डब्लिनची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 25 मिनिटं मागे. ती त्या वर्षी मोडीत निघाली.

मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ समुद्रात उतरतो. इथे तो क्षितिजाला तिरपा घासत जातो. म्हणून पिवळं ऊन बराच वेळ रेंगाळतं आणि संधिप्रकाशही आपल्या जवळपास दुप्पट टिकतो.

वाटेच्या कडेला फुशियाची लाल फुलं लोंबतात, त्याखाली माँटब्रेशियाचे केशरी तुरे. पोस्टकार्डांवर हेच आयर्लंड म्हणून छापतात. फुशिया मूळची दक्षिण अमेरिकेची आणि माँटब्रेशिया हा दक्षिण आफ्रिकेतल्या फुलांचा फ्रान्समध्ये केलेला संकर! अस्सल तिथला म्हणावा तो डोंगरावर जांभळा फुललेला हेदर. आणि अर्थात मिज नावाची चिलटं. वारा पडला की ती असे चावे घेतात की सौंदर्यदृष्टी पाच मिनिटांत संपते.

पण मला या संध्याकाळी पाहायला सांगायचंय ते वेगळंच. दुपारी स्लीवमोर डोंगराचा दक्षिण उतार नुसता हिरवा, सपाट दिसतो. ऊन खाली आलं की त्यावर रेघा उमटू लागतात. एकसारख्या, समांतर, वरून खाली उतरत गेलेल्या. कंगव्याने विंचरावा तसा अख्खा उतार. ते बटाट्याचे जुने वरंबे आहेत. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून ते उताराच्या दिशेने काढलेले, आणि ऊन येतं पश्चिमेकडून, आडवं. त्यामुळे वितभर उंचीच्या वरंब्याचीही सावली पडते.

रीत अशी : गवतावरच शेण किंवा समुद्रातलं शेवाळ पसरायचं, त्यावर बेणं ठेवायचं, आणि दोन्ही बाजूंची माती गवतासकट कुदळीने कापून वर उलटवायची. मध्ये चर राहतो, त्यातून पाणी वाहून जातं. जिथे नांगर चालणार नाही अशा दलदलीच्या, चढणीच्या जमिनीतही यामुळे पीक येई. शेवाळ किनाऱ्यावरून टोपल्यांत भरून पाठीवर आणावं लागे. बाहेरच्यांनी या वरंब्यांना ‘लेझी बेड’, म्हणजे आळशांचे वाफे, असं नाव दिलं. नाव ठेवणाऱ्याने ती टोपली उचललेली दिसत नाही.

इतक्या वर चढून शेती करायची वेळ आली, कारण सखल जमीन पुरत नव्हती. 1841 च्या जनगणनेत एकट्या मेयोत 3 लाख 88 हजारांवर माणसं होती. 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि वर्षामागून वर्ष पीक कुजत गेलं. देशभरात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. स्थलांतर पुढेही थांबलं नाही. आज मेयोत सुमारे 1 लाख 38 हजार लोक राहतात. सगळेच वरंबे दुष्काळात ओस पडले असं नाही, काही नंतरही सुटले. पण एकदा सुटलेल्या जमिनीवर पुन्हा नांगर फिरला नाही, फक्त मेंढ्या चरल्या. म्हणूनच ते टिकले.

याच उताराच्या पायथ्याशी ऐंशी ते शंभर दगडी घरांचे अवशेष ओळीने उभे आहेत. छपरं नाहीत. वस्ती उठल्यावरही यातली काही घरं उन्हाळ्यात गुरं चारायला येणारे लोक वापरत, अगदी विसाव्या शतकापर्यंत. पर्यटक इथल्या मोकळ्या, निवांत निसर्गाचं कौतुक करतात, आणि ते खोटं नाही. मात्र हा मोकळेपणा निसर्गाने केलेला नाही. पाहायला जायचं तर सूर्यास्ताआधीच्या तासात जा, आणि चिलटांसाठी थोडा वारा असलेला दिवस निवडा.

पुढच्या आठवड्यात : या घरांच्या चुलीत जळणारं पीट.